निर्दोष चेंडूवर पडलेल्या फुलीबाबत

प्रति,
मा. दर्जा नियंत्रण अधिकारी,
चेंडू कारखाना, मुख्य इमारत, दुसरा मजला.

अर्जदार : तपासनीस, टेबल क्रमांक दोन, तयार माल विभाग (वयोमानानुसार सेवानिवृत्त, परंतु अद्याप कार्यमुक्त नाही).

विषय : चेंडू क्रमांक ४४१७ मध्ये कोणताही कारखानी डाग नसल्याने त्यावरील फुली चुकीची ठरवून अर्जदारास दि. १८ जुलैपूर्वी कार्यमुक्त करणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे या विषयावरील दि. २ एप्रिल, २९ एप्रिल व ११ जूनचे अर्ज.
२) तिन्ही अर्जांना आपल्या कार्यालयाकडून आलेले एकच उत्तर.
३) टेबल क्रमांक दोनवरील ट्यूबलाइट बदलून मिळणेबाबत अर्जदाराचे दि. १४ नोव्हेंबर व ९ जानेवारीचे अर्ज.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, आपण या खुर्चीवर गेल्या सोमवारीच रुजू झाला आहात. आपल्या आधीच्या साहेबांना हे प्रकरण तोंडपाठ होते आणि त्यांनी त्याबाबत काडीचेही काही केले नाही. आपणास यातले काहीच ठाऊक नाही, ही अर्जदारास त्यातल्या त्यात आशेची बाब वाटते. म्हणून सगळे पहिल्यापासून लिहीत आहे.

२. लाकडी पट्टीवरून घरंगळत सोडून दहा खुंट पाडायचे जे जड चेंडू आपल्याकडे तयार होतात, त्यांना बोटांची भोके दुकानात पाडतात. येथून चेंडू सबंध गोल जातो. पॉलिश झाला की तो तपासनिसाच्या टेबलावर येतो. निर्दोष असेल तर पहिल्या प्रतीच्या खोक्यात जातो; डाग असेल तर क्रमांकाशेजारी सुईने बारीक फुली कोरून दुसऱ्या प्रतीच्या खोक्यात जातो. डाग कशाला म्हणावे हे डाग-पुस्तिकेत नऊ प्रकारांत लिहिले आहे. रंगाचे ढग नीट न मिसळणे, शिक्का तिरका बसणे, टाचणीच्या टोकाएवढे छिद्र राहणे, वजनात गुंजभर फरक पडणे इत्यादी बहुतेक प्रकार नुसते दिसण्याचे किंवा नावापुरते आहेत. चेंडू त्याने बिघडत नाही. प्रकार चार, म्हणजे पृष्ठभागावरचा खळगा, एवढा मात्र खोडीचा. खळग्याचा चेंडू ऐन वेळी किंचित कलतो. तोही आपण विकतो, पण फुली मारून विकतो. घेणाऱ्याला निदान माहीत असते की आपण काय घेतोय. अर्जदाराने सत्तावीस वर्षे हेच काम केले आणि या बोटांखालून गेलेला चेंडू कधी तक्रार घेऊन परत आला नाही.

३. दि. ३१ मार्च हा अर्जदाराचा नोकरीचा शेवटचा दिवस. निरोपाचे भिंतीवरचे घड्याळ वेष्टनात बांधून तयार होते. पर्यवेक्षक साहेब (ज्यांना मजुरांत दुसरे एक नाव आहे, ते येथे लिहीत नाही) दारातून दोनदा ओरडले की, "आटपा हो, घड्याळसुद्धा वाट बघून थकलं!" टेबलावर तीन चेंडू उरले होते. त्यातला पहिला, क्रमांक ४४१७, गर्द निळा, अर्जदाराने टेबलावरच्या गोल कडीवर ठेवला, फिरवला, आणि बोलता बोलता उजव्या हाताने सुई उचलून त्यावर फुली मारली. का मारली ते अर्जदारास आजतागायत सांगता येत नाही. मारल्यावर पाहिले तर चेंडू आरशासारखा स्वच्छ. सत्तावीस वर्षांत जे झाले नाही ते शेवटच्या अर्ध्या तासात झाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

४. आता अडचण अशी. नोंदवहीत फुलीच्या चेंडूसमोर डागाचा प्रकार लिहावा लागतो. प्रकार नाही तर चेंडू दुसऱ्या प्रतीत जात नाही. फुली आहे म्हणून तो पहिल्या प्रतीत जात नाही. फुली भरून काढावी, तर भरलेली जागा हाच पुस्तिकेतला नववा प्रकार आहे, 'दुरुस्तीची खूण', आणि दुरुस्ती करण्यास मनाई आहे. चेंडू कोठेच जात नाही म्हणून टेबल मोकळे होत नाही, टेबल मोकळे नाही म्हणून अर्जदार कार्यमुक्त होत नाही. परिणामी गेटवरचे मिशीवाले जमादार रोज सकाळी अर्जदारास आत घेतात, कारण तो कार्यमुक्त नाही. आणि हजेरीवर सही करू देत नाहीत, कारण तो निवृत्त आहे. एक दिवस न आल्यास ताब्यातला माल सोडून पळाल्याची नोंद होईल असे लेखी बजावण्यात आले आहे. निवृत्तास रजा नसल्याने रजाही मागता येत नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे हा निळा चेंडू.

५. आपल्या कार्यालयाचे म्हणणे तिन्ही वेळा एकच : "फुली आहे त्याअर्थी डाग असलाच पाहिजे, शोधावा." तो अर्जदार तीन महिने शोधत आहे. चेंडू 'वादग्रस्त माल' ठरल्याने लाकडी पेटीत कुलूपबंद असतो. बाकीचे जेवायला गेल्यावर रोज एक तास पेटी उघडण्याची परवानगी आहे, तीही सुती हातमोजे घालून, नवा डाग पडू नये म्हणून. हे हातमोजे इतके जाडेभरडे आहेत की त्यांत हात आहे की पाय ते कळत नाही, पण ते असो. अर्जदाराने वजन केले, घेर मोजला, रंगाची पट्टी लावली. ट्यूबच्या उजेडाखाली चेंडू फिरवून पाहिला. चकचकीत पृष्ठभागावर ट्यूबची पांढरी रेघ पडते आणि चेंडू फिरतो तशी ती सरकते. खळगा असेल तिथे मोडते. रेघ कोठेही मोडलेली दिसली नाही. येथे प्रामाणिकपणे नमूद करणे भाग आहे की टेबल दोनची ट्यूब मुळातच चांगली नाही. तिचा उजेड पिंजलेल्या कापसासारखा पडतो. अर्जदाराने याबाबत दोनदा अर्ज केला, ट्यूब दोनदा बदलून मिळाली, पण भांडारातून माल एकाच लायकीचा येतो. पॅसेजमधल्या दिव्यांचीही तीच गत आहे.

६. यावर सहकाऱ्यांनी सुचवलेला उपायही आपल्या कानावर घालतो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून येण्याआधी आलेला बरा. पॅकिंगमधल्या मित्राचे म्हणणे असे (शब्द जसेच्या तसे) : "अरे बाबा, पायरीवर एकदा आपट की! डाग शोधतोय म्हणे. डाग काय आभाळातून पडणार आहे?" अर्जदाराने त्यास कळवले की पुस्तिकेप्रमाणे कारखानी डाग म्हणजे बनताना राहिलेला. माणसाने मुद्दाम पाडला तर तो डाग नव्हे, ती इजा. आणि इजा करणाऱ्याला सरळ घरी पाठवतात. त्यावर तो म्हणाला, "मग तुला जायचंय कुठे दुसरीकडे?" परंतु ज्या हाताने आयुष्यभर डाग वेगळे काढले, त्या हाताने एक पाडायचा, हे जमणारे नाही.

७. घरची परिस्थिती अशी की अर्जदाराची पत्नी, जी याच कारखान्यात पॉलिश विभागात एकोणीस वर्षे होती, ती ३० मार्च रोजी सर्व सामान घेऊन मुलीच्या गावी पुढे गेली. अर्जदार आठवड्याभरात पोहोचणार होता. वसाहतीतल्या खोलीत आता एक खाट, एक स्टोव्ह, एक पातेले आणि वेष्टन न सोडलेले घड्याळ एवढेच आहे. पत्नीचे दोन्ही गुडघे पॉलिशच्या यंत्रापुढे उभे राहून झिजले आहेत. डावा तर आता वाकतच नाही. शस्त्रक्रियेची तारीख २२ एप्रिल मिळाली होती, ती गेली. मग ४ जून मिळाली, तीही गेली. तिचा हेका असा की, "तुम्ही समोर उभे राहिल्याशिवाय मी त्या टेबलावर चढायची नाही. डॉक्टर तुमच्यासारखाच निघाला, शोधत बसला, तर मी काय करू?" आता २० जुलै ही तिसरी तारीख आहे. ही चुकली तर पुढची नव्या वर्षात. मुलगी सांगते की आई रात्री भिंतीला धरून न्हाणीपर्यंत जाते आणि कोणाला उठवत नाही. फोनवर मात्र ती अर्जदाराचीच झडती घेते. डोळे दाखवलेत का, हा तिचा वर्षभराचा एकच धोशा. अर्जदाराने तिला वेळोवेळी समजावले आहे की दोष ट्यूबचा आहे.

८. सबब विनंती की, चेंडू क्रमांक ४४१७ पूर्णतः निर्दोष आहे हे अर्जदाराचे म्हणणे मान्य करावे, फुली ही मानवी चूक समजावी आणि अर्जदारास दि. १८ जुलैच्या गाडीपूर्वी मोकळे करावे. माणसाला वाट बघण्याचीही हद्द असते, साहेब.

(येथवरचा मजकूर दि. ८ जुलै रोजी लिहिला. सही करण्याआधी जे घडले त्यामुळे परिच्छेद तीन, पाच आणि आठ खोटे ठरले आहेत. अर्जाचे कागद क्रमांक घालून एकदाच मिळतात आणि खाडाखोड झालेला अर्ज दाखल करून घेत नाहीत, म्हणून ते तसेच राहू देऊन पुढे लिहीत आहे.)

९. दि. ९ जुलै रोजी जेवणाच्या सुट्टीत अर्जदाराने नेहमीप्रमाणे पेटी उघडली. अर्जदाराच्या जागी नेमलेल्या नव्या तपासनीस बाई १ एप्रिलपासून टेबल मोकळे होण्याची वाट पाहत पलीकडच्या कोपऱ्यात खोक्यावर बसून काम करतात. वयाने अर्जदाराच्या मुलीपेक्षा लहान, पण कधी कुरकुर नाही. त्या दिवशी त्या डबा घरी विसरल्याने जेवायला गेल्या नाहीत. अर्जदाराच्या पाठीमागून पाण्याची बाटली घ्यायला जाता जाता त्या म्हणाल्या, "काका, इथे मोडतेय की रेघ."

१०. अर्जदाराने विचारले, कुठे. त्या म्हणाल्या, ही काय. अर्जदाराने पुन्हा विचारले, कुठे. त्यांनी आपले बोट चेंडूपासून नखभर अंतरावर धरले, स्पर्श न करता, नियमाप्रमाणे. अर्जदारास त्यांचे बोट दिसले. रेघ दिसली नाही, किंवा दिसली ती नेहमीसारखी, चहूकडून पिंजलेली. जी रेघ अर्जदारास कोठेच धड दिसत नाही, ती मोडलेली कशी दिसणार? बाईंनी मान वर करून ट्यूबकडे पाहिले. मग म्हणाल्या, "काका, ट्यूब चांगली आहे हो."

११. त्यानंतर अर्जदाराने हातमोजा काढला. हा नियमभंग आहे, तो मान्य आहे. बोट ठेवताक्षणी खळगा लागला. तांदळाच्या दाण्याएवढा, फुलीपासून दोन बोटांवर. प्रकार चार. ३१ मार्च रोजी हाताने बरोबर फुली मारली होती. बोटांना खळगा लागला, त्यांनी सुई उचलली आणि काम उरकले. डोळ्यांना पत्ताच नव्हता, आणि डोळ्यांचे ऐकून अर्जदाराने तीन महिने हातालाच गुन्हेगार ठरवले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

१२. पर्यवेक्षक साहेबांना कळवताच त्यांनी अर्जदाराची पाठ थोपटली. "सुटलास लेका! प्रकार चार लिही, फॉर्म भर, सही कर आणि संध्याकाळची गाडी पकड." त्यांचा आनंद खरा होता, हे लिहिले पाहिजे. फॉर्ममध्ये वाक्य छापील आहे : 'सदर डाग तपासनिसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून फुली मारली.' अर्जदाराने पेन उघडले. गाडी साडेसहाची होती आणि घड्याळाचे खोके सोडले तर बांधायला काही नव्हते.

१३. मग एक प्रश्न आडवा आला. उजेड पिंजलेला दिसू लागला तो नोव्हेंबरात, पहिल्या अर्जाच्या वेळी. तेव्हापासून मार्चअखेर टेबल दोनवरून पहिल्या प्रतीत गेलेले चेंडू पाच हजारांवर आहेत. त्यातले ३१२ अजून गोदामात पडून आहेत. अर्जदार व नव्या बाई यांनी काल आणि आज, परवानगीविना, ते सर्व उघड्या हातांनी तपासले. अर्जदाराने डोळे मिटून, बाईंनी उघडे ठेवून. सातांत खळगा निघाला. हात अधूनमधून जागे होते म्हणून सातच. त्रैराशिक मांडले तर बाहेर गेलेल्यांत शंभरावर असतील, फुलीविना, पहिल्या प्रतीचे म्हणून. कोठेतरी कोणी एक खेळाडू गेले कित्येक महिने आपल्या मनगटाला बोल लावत असेल. सराव वाढवत असेल. चेंडू कलतो तो आपल्याच चुकीने, अशी त्याची खात्री झाली असेल. अर्जदारास तो माणूस डोळ्यांपुढून हलत नाही, आणि लाज वाटते ती त्याच्यापुढे.

१४. त्या छापील वाक्याखाली सही केली असती तर यातले काही कोणास कळले नसते. सही न केल्यास चौकशी लागते, आणि चौकशी असलेल्यास कार्यमुक्त करता येत नाही, हा नियम अर्जदारास तीन महिन्यांत पाठ झाला आहे. म्हणजे खोटे लिहिले तर गाडी, खरे लिहिले तर पेटी. काल संध्याकाळी गेटवरून पत्नीला फोन करून सगळे सांगितले. ती पहिल्यांदा म्हणाली, "वर्षभर सांगतेय मी. नाचता येईना अंगण वाकडं, त्यातली तुमची ती ट्यूब!" मग म्हणाली, "अहो, सही करू नका. एकोणीस वर्षं मी तुमच्या टेबलावर माल पाठवलाय. मी चढते माझ्या टेबलावर. तुम्ही तुमच्या टेबलावर राहा." तिचा आवाज घट्ट होता, पण अर्जदार तिला छत्तीस वर्षे ओळखतो. तिला भीती वाटते.

१५. सबब विषयात मागितलेली कार्यमुक्ती अर्जदार मागत नाही. सुधारित विनंत्या पुढीलप्रमाणे. चेंडू क्रमांक ४४१७ वरील फुली योग्य आहे, ती कायम ठेवावी. गोदामातील सात चेंडूंवर फुली मारण्याचे अधिकार नव्या तपासनीस बाईंना द्यावेत आणि टेबल दोनही त्यांनाच द्यावे. अर्जदार खोक्यावर बसेल. बाहेर गेलेल्या चेंडूंबाबत सर्व दुकानांना पत्र जावे व त्यात दोष अर्जदाराच्या डोळ्यांचा असल्याचे स्पष्ट लिहावे, म्हणजे खेळणाऱ्यांना ते वाचता येईल. छापील वाक्य अर्जदारापुरते बदलून 'डोळ्यांनी' ऐवजी 'हाताने' असे करता आल्यास पाहावे. न आल्यास आग्रह नाही.

१६. शेवटची विनंती वैयक्तिक आहे. कामगारांचे मोबाइल गेटवर जमा होतात. दि. २० जुलै रोजी सकाळी नऊ वाजता पत्नीला आत नेणार आहेत. त्या दिवशी नऊपासून मुलीचा फोन येईपर्यंत आपल्या कार्यालयातील टेलिफोनजवळ उभे राहू द्यावे. अर्जदार कोणास त्रास देणार नाही, खुर्चीही नको. तिला न्यायच्या आधी दोन शब्द बोलू दिलेत तर उपकार होतील. तिने समोर उभे राहायला सांगितले होते, ते जमले नाही.

१७. तसेच संदर्भ तीनमधील दोन्ही अर्ज अर्जदार याद्वारे मागे घेत आहे. ट्यूब चांगली आहे.

आपला नम्र आणि अद्याप टेबलावर असलेला,

(सही)
तपासनीस, टेबल क्रमांक दोन
दि. ११ जुलै

सोबत :
१) चेंडू क्रमांक ४४१७, पेटीसह. (कृपया हातमोजे न घालता पाहावा.)
२) गोदामातील सात चेंडूंचे क्रमांक, नव्या तपासनीस बाईंच्या अक्षरात.
३) कोरा फॉर्म, सही न केलेला.